उंची पाच फूट तीन, म्हणून कायम शेवटची इनिंग?

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. बेसबॉलमध्ये रस नसेल तर पुढे सरकलात तरी राग नाही. पण ज्यांची मुलं आपल्या टाउनशिपच्या मैदानावर खेळतात त्यांनी मात्र वाचाच. गुरुवारी रिक्रिएशन कमिटीची मीटिंग आहे आणि मला तिथे एकटीने बोलायचं नाहीये.

झालं असं. ऑगस्टमध्ये आमच्या मुलाच्या ट्रॅव्हल टीमची ट्रायआउट झाली. वय १३, उंची ५ फूट ३ इंच. फॉर्मवर नाव, जन्मतारीख आणि तिसराच रकाना उंचीचा. आठवड्याने यादी आली. पिचर दोन गटांत विभागलेले, स्टार्टर चार आणि रिलीव्हर पाच. स्टार्टरमधला सगळ्यात बुटका मुलगा ५ फूट ८, रिलीव्हरमधला सगळ्यात उंच ५ फूट ६. मध्ये पट्टी ठेवून रेघ मारावी तसं. मी कोचना विचारलं. माणूस चांगला आहे हो, मुलांवर ओरडत नाही, पावसात स्वतः मैदानावरचं पाणी काढतो. ते म्हणाले, मुलगा हुशार आहे, त्याला शेवटची इनिंग देऊ, पण स्टार्टरला शरीर लागतं. मोठ्या लीगमध्ये बघा, सगळे सव्वासहा फुटी.

गाडीत मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने विचारलं, "बाबा, आजोबांची उंची किती होती?" आता यावर काय बोलणार? आमच्या दोन्ही घरांत ५ फूट ८ च्या वर कोणी गेलेलं नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्टार्टर म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो पाच-सहा इनिंग टाकतो, त्याच बॅटरांना दोनदा, कधी तिसऱ्यांदा सामोरा जातो आणि चार-पाच दिवस विश्रांती घेऊन पुन्हा येतो. रिलीव्हर मागून येतो, एखादी इनिंग टाकतो, जीव तोडून टाकतो आणि निघून जातो. मान, पैसा, वर्षानुवर्षांची कारकीर्द हे सगळं प्रामुख्याने स्टार्टरकडे. म्हणून 'बुटका पिचर स्टार्टर म्हणून टिकतो का' हा या देशात खरोखरचा, कोट्यवधी डॉलरचा प्रश्न आहे. माझ्या घरात तो फक्त एका पोराचा आहे.

कोचचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे आधी मान्य करते. माउंडपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. लांब हातापायांचा माणूस पुढे झेपावून बॉल सोडतो तेव्हा बॅटरला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो. लांब हात म्हणजे लांब गोफण, सरासरीने वेग जास्त. शिवाय उंचावरून येणारा बॉल तिरका खाली उतरतो, तो बॅटच्या मध्यावर घेणं अवघड, असं जुने लोक शिकवत आले. रँडी जॉन्सन ६ फूट १० इंच, ३०३ विजय, पाच वेळा साय यंग पुरस्कार. त्याच्यासमोर उभं राहायची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा उंचीचा काही उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की उंची नाही म्हणून स्टार्टर होताच येणार नाही, हे कोणी ठरवलं?

आता लॉस एंजलिस डॉजर्सची गोष्ट. त्यांच्याकडे डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले दोन सख्खे भाऊ होते. थोरला रामोन मार्टिनेझ ६ फूट ४ इंच, देखणा, स्टार्टर म्हणून शोभणारा. १९९० मध्ये त्याने २० सामने जिंकले. धाकटा पेड्रो ५ फूट ११, अंगाने काटकुळा. मॅनेजर टॉमी लसोर्डाला वाटायचं की हा पोरगा स्टार्टरचं ओझं पेलणार नाही, मोडेल. म्हणून १९९३ च्या हंगामात त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांच्या बाकावर ठेवला आणि हंगाम संपल्यावर माँट्रियलला देऊन टाकला. बदल्यात एक सेकंड बेसमन घेतला.

माँट्रियलने त्याला स्टार्टर केलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९७, १९९९ आणि २००० असे तीन साय यंग. २००० साली, जेव्हा सगळीकडे होम रनचा पाऊस पडत होता, तेव्हा त्याचा इआरए १.७४. सात हंगामांत २०० पेक्षा जास्त इनिंग. एकूण २१९ विजय, १०० पराभव. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. आणि थोरला? रामोननेही चांगली कारकीर्द केली, १३५ विजय, एक नो-हिटर. पण तिशीतच त्याचा खांदा फाटला. एकाच घरातले, एकाच आईच्या हातचं जेवलेले दोघे. मोडला कोण आणि टिकला कोण ते बघा.

अर्थात पेड्रोही काही लोखंडाचा नव्हता. २००५ नंतर त्याला एकही पूर्ण हंगाम धड खेळता आला नाही, त्याचाही खांदा गेला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होऊन गेला होता. लसोर्डाची भीती खरी ठरली म्हणायचं असेल तर म्हणा, पण बारा वर्षांनी ठरली. तोवर दुसऱ्या कोणाचं तरी कपाट पुरस्कारांनी भरलं होतं.

आणि हीच डॉजर्स टीम, मंडळी, २०२३ च्या डिसेंबरमध्ये काय करते? जपानचा योशिनोबु यामामोतो, उंची ५ फूट १० इंच, म्हणजे पेड्रोहून एक इंच कमी, त्याच्याशी १२ वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार करते. मेजर लीगमध्ये त्याने तोवर एक बॉल टाकलेला नव्हता. १२ वर्षं! मोडेल या भीतीने ज्या क्लबने पेड्रोला हाकललं, त्यानेच. २०२५ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये या माणसाने दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकला, सहावा सामना सुरू करून जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी, विश्रांती न घेता, सातव्या सामन्यात मागून येऊन अकराव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला आणि करंडक घेऊन गेला. त्या रात्री आमच्या घरात साडेबारा वाजता आरडाओरडा. खालच्या मजल्यावरच्या काकूंची माफी मी इथे जाहीरपणे मागते.

यामामोतोचा व्यायामसुद्धा वेगळाच, भाल्यासारखी काठी फेकतो. जड वजनं उचलण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. ताकद हातातून नाही, सगळ्या अंगातून आणायची.

एखाददुसरं नाव काढून भावनेला हात घालतेय असं वाटेल, म्हणून आणखी सांगते. यांकीजचा व्हाइटी फोर्ड ५ फूट १०, २३६ विजय, फक्त १०६ पराभव. ग्रेग मॅडक्स ६ फूट, म्हणजे आजच्या स्काउटच्या हिशोबात 'जरा कमीच', ३५५ विजय, ५००० हून जास्त इनिंग, सलग चार साय यंग. रॉय ओझवाल्ट ६ फूट, ड्राफ्टच्या २३ व्या फेरीत उचलला, १६३ विजय. सॉनी ग्रे ५ फूट १०, २०१३ पासून मेजर लीगमध्ये, आणि २०२४ व २०२५ दोन्ही वर्षी २०० च्या वर स्ट्राइकआउट. हा ग्रे मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्याच्यावर कोणी पुस्तकं लिहिणार नाही बहुतेक, पण बारा-तेरा वर्षं दर पाच-सहा दिवसांनी माउंडवर उभं राहायचं, हेच तर 'टिकणं'. आणि मार्कस स्ट्रोमन तर ५ फूट ७! आमच्या घराण्यातला शोभेल.

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल आई आहे, सोयीचंच सांगणार. टिम लिन्सेकम, ५ फूट ११, २००८ आणि २००९ चा साय यंग, २०१२ पासून घसरला आणि २०१६ नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. योहान सांताना, ६ फूट, दोन साय यंग, खांद्याने घात केला. स्पेन्सर स्ट्रायडर, ६ फूट, २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट, पुढच्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. लिन्सेकम घसरला तेव्हा सगळे म्हणाले, बघा, आम्ही सांगितलं होतं, एवढंसं शरीर.

पण मग स्टीव्हन स्ट्रासबर्ग? ६ फूट ५. २०१९ ची वर्ल्ड सीरीज गाजवली, सात वर्षांचा २४.५ कोटींचा करार मिळाला, आणि त्यानंतर उभ्या आयुष्यात फक्त आठ सामने टाकले. मार्क प्रायर, ६ फूट ५, २००३ मध्ये १८ विजय आणि २००६ मध्ये खेळ खलास. तेव्हा कोणी म्हटलं का, की बघा, फार उंच होता म्हणून मोडला? नाही. उंच माणूस मोडला की ते दुर्दैव. बुटका मोडला की ती उंची. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉल अभ्यासकांची 'सेबर' नावाची संस्था आहे, तिच्या जर्नलमध्ये २०१० साली या प्रश्नावर लेख आला होता. पिचरची परिणामकारकता आणि टिकाऊपणा यांचा उंचीशी म्हणावा असा संबंध दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. हे ऐकून मी लगेच नाचले नाही. कारण जे बुटके वरपर्यंत पोचले ते मुळातच चाळणीतून गाळून आलेले, त्यांना दुप्पट चांगलं असावं लागलं. त्यामुळे त्या आकड्यांवरून 'उंचीने फरक पडतच नाही' असं छातीठोक सांगता येत नाही. पण एक मात्र नक्की सांगता येतं. वर पोचल्यावर ते मोडून पडत नाहीत. अडवलं जातं ते खाली, चाळणीपाशी.

गंमत म्हणजे ज्या शास्त्राच्या जोरावर उंच पिचर हवा म्हणायचे ते शास्त्रच गेल्या दहा वर्षांत अर्धं उलटलंय. बॅटर आता खालून वर बॅट फिरवतात, होम रनसाठी. वरून खाली उतरणारा बॉल त्या बॅटच्या वाटेतच येतो. उलट ज्याचा हात मुळात खालून सुटतो त्याचा वरच्या पट्ट्यातला फास्टबॉल सपाट येतो, बॅटरला वाटतं बॉल वर चढतोय, आणि बॅट त्याच्या खालून जाते. शोटा इमानागा, ५ फूट १०, वेग मेजर लीगच्या सरासरीपेक्षा कमी. तरी २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी १५ विजय आणि ३ पराभव, निम्मं काम याच सपाट बॉलचं.

आपल्या क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. माल्कम मार्शल ५ फूट ११, बाजूला ६ फूट ८ इंची जोएल गार्नर. बॉल उसळवण्यात गार्नर राजा, पण मार्शलचा बॉल टप्पा पडून घसरत अंगावर यायचा. ८१ कसोटींत ३७६ बळी, सरासरी २०.९४. त्या सगळ्या ताडमाड फौजेत सर्वांत चांगला कोण म्हणून विचारलं तर बरेच जण याच्याकडे बोट दाखवतील.

आणि मुंबईचे रमाकांत देसाई. माझ्या वडिलांचं दैवत. साडेपाच फूटही उंची नाही, सगळे 'टायनी' म्हणायचे, आणि टाकायचे फास्ट. १९५९ साली वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत पहिल्याच कसोटीत त्यांच्याकडून ४९ षटकं टाकून घेतली. चार बळी मिळाले. पुढे पाकिस्तानविरुद्ध हनीफ मोहम्मदला पुन्हा पुन्हा बाद केलं. २८ कसोटी, ७४ बळी. वडील सांगायचे, लोक म्हणत एवढ्याशा देहाने किती दिवस ओढणार, पण दुसऱ्या टोकाला फास्ट टाकणारा धड जोडीदार होता कुठे? पोरगा २० वर्षांचाही नव्हता आणि ४९ षटकं! सव्वासहा फुटाचा असता तरी दमला असता. आपण ओझं घालणाऱ्याला कधी विचारत नाही, ओझ्याखालच्याची उंची मोजतो.

आता परत आपल्या मैदानावर येते, कारण खरा मुद्दा तिथला आहे. टीमचं स्कोअरबुक दोन वर्षं मी लिहितेय. गेल्या हंगामात आमच्या मुलाने १४ इनिंग टाकल्या, सगळ्या शेवटच्या. एका इनिंगमध्ये त्याला काय लागतं? फास्टबॉल आणि एक वळणारा बॉल. बस. चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसून हळू येणारा बॉल, तो त्याने आठवडाभर अंगणात भिंतीवर टाकला, सामन्यात एकदाही नाही. कारण एक धावेची आघाडी असताना शेवटच्या इनिंगला कोण प्रयोग करणार? चेंजअप शिकायचा तर तिसऱ्या इनिंगला चार धावा खाऊन शिकावा लागतो. तोच बॅटर दुसऱ्यांदा आला की काय बदलायचं, हे तोच बॅटर दुसऱ्यांदा आल्याशिवाय कळत नाही. पेड्रोचं सगळ्यात घातक हत्यार चेंजअपच होतं, सांतानाचंही.

म्हणजे १३ व्या वर्षी आपण बुटक्या पोराला स्टार्टरची शाळाच दाखवत नाही. १७ व्या वर्षी त्याच्याकडे दोनच बॉल असतात, दमही एका इनिंगचा. मग स्काउट येतो, टेप लावतो आणि म्हणतो, बघा, बुटकी मुलं स्टार्टर होत नाहीत.

आणि उंच मुलांचं भलं होतंय असंही समजू नका. स्टार्टरच्या यादीतला सगळ्यात उंच मुलगा ५ फूट १०, त्याची आई माझी चांगली मैत्रीण. तो शनिवारी आमच्याकडे टाकायचा आणि रविवारी दुसऱ्या टीमकडे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचे नियम स्पष्ट आहेत. १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ बॉल, आणि ६६ च्या वर टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. माझ्या वहीत शनिवारचे आकडे आहेत, रविवारचे कोणी लिहीतच नाही. जूनमध्ये त्याचं कोपर दुखायला लागलं, अख्खा जुलै बर्फाच्या पिशव्या. शरीर मोठं दिसतं म्हणून तो मोठा माणूस झाला का? हाडं १३ वर्षांचीच आहेत. आज मिशा फुटलेला पोरगा पुढच्या तीन वर्षांत एक इंच वाढेल, आणि आमचा कदाचित पाच. किंवा नाही वाढणार. मला माहीत नाही, कोचनाही माहीत नाही.

आमचा मुलगा मेजर लीगमध्ये जाणार या भ्रमात मी नाही. त्या यादीतल्या नऊपैकी बहुतेक एकही जाणार नाही, उंच नाही आणि बुटका नाही. म्हणूनच तर म्हणते, मेजर लीगची मोजमापं सातवी-आठवीच्या पोरांना कशाला? ही टीम खाजगी असली तरी मैदान टाउनशिपचं आहे, दिवे टाउनशिपचे आहेत, गवत आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून कापलं जातं. परवाना देताना दोन अटी घालायला कमिटीला काय हरकत आहे?

गुरुवारी मी मागणार आहे ते एवढंच. एक, चौदा वर्षांखालच्या प्रत्येक पिचरला हंगामात निदान तीन सामने सुरू करायला मिळावेत, आळीपाळीने. दोन, बॉलची मोजणी टीमची नाही, मुलाची व्हावी. शनिवार-रविवार मिळून एकच वही. आणि तो उंचीचा रकाना फॉर्मवरून काढावा. युनिफॉर्मच्या मापासाठी हवा असेल तर निवड झाल्यावर भरून घ्या की.

त्या उंच मुलाची आई येणार आहे माझ्याबरोबर. कोचनाही मी आधीच सांगितलंय, पाठीमागून काही नाही. ते म्हणाले, "तीन सामने हरलो तर पालक माझाच जीव खातील." त्यांचंही खरं आहे, म्हणून त्या पालकांनीही यावं. मीटिंग साडेसात वाजता, म्युनिसिपल बिल्डिंग, दुसरा मजला. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात, नाव आधी लिहून द्यावं लागतं. कोण येतंय ते खाली कळवा. इंग्रजीत बोलायचा संकोच असेल तर नुसतं शेजारी येऊन बसा, वही घेऊन मी बोलते.